नेता ओळखीचा, श्रेष्ठी अनोळखी: नागपूरकरांनो, बोला

झिरोमाइल (धागाकर्ता)

अधिवेशन आलं की नागपूर काही दिवसांपुरतं राजधानी होतं. रविभवन, नागभवन, आमदार निवास भरतात, सिव्हिल लाइन्समध्ये गाडी लावायला जागा उरत नाही आणि पानठेल्यापासून हायकोर्टाच्या आवारापर्यंत एकच चर्चा चालते. ही चर्चा मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. पक्ष कुठलाही असो, कार्यकर्ता आपल्या नेत्याबद्दल भरभरून बोलतो आणि पक्षाबद्दल विचारलं की म्हणतो, "वरून काय येते ते पाहू."

हे "वर" म्हणजे कोण, आणि तिथे बसलेल्यांना आपल्या गल्लीतलं काय कळतं, यावर मला इथे मोकळेपणाने बोलायचंय. माझं म्हणणं आधीच मांडतो. लोक एखाद्या नेत्यावर जीव टाकतात ते फक्त त्याच्या भाषणामुळे नाही. तो समोर येतो, तोंडावर हो किंवा नाही म्हणतो, यामुळे टाकतात. आणि श्रेष्ठी लोकांपासून तुटतात ते मधली माणसं संपवल्यामुळे. वॉर्ड अध्यक्ष, नगरसेवक, तालुक्याचा जुना कार्यकर्ता, ही ती माणसं.

नागपूर लोकसभेचाच इतिहास पाहा. बाहेरच्यांना वाटतं, संघाचं मुख्यालय इथे, म्हणजे शहर पहिल्यापासून भाजपचं. प्रत्यक्षात २०१४ च्या आधी भाजपने ही जागा एकदाच जिंकली, १९९६ मध्ये. तीही बनवारीलाल पुरोहितांनी, जे १९८४ आणि १९८९ ला इथूनच काँग्रेसचे खासदार होते. १९६२ मध्ये काँग्रेसचा जोर असताना इथून बापूजी अणे अपक्ष निवडून आले, वेगळ्या विदर्भाच्या मुद्द्यावर. १९७१ ला इंदिरा गांधींच्या लाटेत महाराष्ट्र वाहून गेला आणि नागपूरने फॉरवर्ड ब्लॉकच्या जांबुवंतराव धोट्यांना दिल्लीला पाठवलं. १९७७ ला बरोबर उलट झालं: उत्तर भारतात काँग्रेस भुईसपाट, इथे काँग्रेसचे गेव्ह आवारी विजयी. दिल्लीचा वारा कुठे वाहतोय ते पाहून हे शहर मत देत नाही. समोर उभा असलेला माणूस पाहून देतं.

आणि सत्ता लोकांपासून तुटली की काय होतं, तेही याच शहराने पाहिलंय. २३ नोव्हेंबर १९९४. अनुसूचित जमातीचा दर्जा मागायला गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनावर आला होता. हजारो माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. दिवसभर वाट पाहिली, निवेदन घ्यायला मंत्री समोर आला नाही. संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. झिरो माइलजवळच्या त्या स्मारकासमोरून जाताना मला दर वेळी वाटतं, त्या दुपारी कोणीतरी पायऱ्या उतरून बाहेर यायला हवं होतं. एवढंच.

तुम्हाला काय वाटतं? पक्षावर शिव्या नकोत, आपापल्या भागातला अनुभव लिहा.

---

तर्रीपोहा

शंभर टक्के सहमत. मी महालातला. आमच्याकडे नेता म्हणजे जो लग्नाले येते, मयतीले येते आणि काम होत नसन त तोंडावर सांगते, "होणार नाही बाप्पा, नियमात बसत नाही." त्याचा राग येत नाही. राग येते तो "साहेब मीटिंगमध्ये आहेत" याचा.

गडकरी साहेबांचंच घ्या. २०२४ च्या आधी ते उघड बोलले होते की मी बॅनर लावणार नाही, चहापाणी करणार नाही, मत द्यायचं त द्या. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं त लोकायले घमंड वाटला असता. त्यायच्या तोंडी तो मोकळेपणा वाटला, काहून का लोकायले माणूस माहीत आहे. खासदार महोत्सवाले, क्रीडा महोत्सवाले घराघरातले पोट्टे जाऊन आले. ओळख अशी होते.

---

नंदनवन

तर्रीपोहा, मी तुमच्याशी असहमत आहे आणि आकडे घेऊन असहमत आहे.

गडकरींचं मताधिक्य २०१४ मध्ये सुमारे २ लाख ८४ हजार होतं. २०१९ मध्ये नाना पटोल्यांविरुद्ध २ लाख १६ हजार. २०२४ मध्ये १ लाख ३७ हजार. कामं वाढली, रस्ते झाले, मेट्रो धावायला लागली, देशभर नाव झालं, आणि मताधिक्य दर वेळी घटलं. लोकप्रियता हेच सगळ्याचं उत्तर असतं तर हे कसं झालं?

शिवाय काँग्रेसचे खासदार विलास मुत्तेमवार यांना तुम्ही सगळे विसरलात. १९९८, १९९९, २००४, २००९, सलग चार वेळा. सभा गाजवणारे नेते म्हणून त्यांची ख्याती कधीच नव्हती. तरी निवडून येत राहिले, कारण तेव्हा काँग्रेसचं वस्तीवस्तीतलं जाळं जिवंत होतं. संघटना असली की साधा माणूसही जिंकतो. ती नसली की चेहरा लागतो. एखाद्या पक्षाला सारखा चेहरा शोधावा लागत असेल, तर त्याचं घर आतून रिकामं झालंय असं मी समजते.

---

झिरोमाइल

नंदनवन, आकडे बरोबर आहेत, पण ते माझ्याच बाजूने बोलतात असं मला वाटतं. २०२४ ला समोर कोण होतं पाहा. विकास ठाकरे. नगरसेवक, महापौर, शहर काँग्रेसचे अध्यक्ष, मग पश्चिम नागपूरचे आमदार, असा वॉर्डातून वर आलेला माणूस. वंचित बहुजन आघाडीनेही त्यांना पाठिंबा दिला होता, त्यामुळे मतं फुटली नाहीत, हेही खरं. पण काँग्रेसने बाहेरून कोणी आणून बसवला असता तर एवढी लढत झाली असती का? पायाखालची जमीन माहीत असलेला उमेदवार दिला आणि २०१४ च्या तुलनेत फरक निम्म्यावर आला. दिल्लीच्या काँग्रेसने यातून काय घेतलं ते मला दिसलं नाही. त्याच वर्षी लोकसभेला राज्यात १३ जागा जिंकलेला पक्ष सहा महिन्यांत विधानसभेला १६ आमदारांवर आला. नागपूर शहरात सहापैकी दोन उरल्या, पश्चिम आणि उत्तर. दोन्हीकडे वर्षानुवर्षं त्याच भागात राबलेली माणसं होती.

---

यवतमाळची_लेक

धोट्यांचं नाव निघालं म्हणून लिहिते. आमच्या घरी जांबुवंतराव म्हटलं की माझे आबा उठून बसायचे. विदर्भाचा सिंह म्हणायचे लोक त्यांना, आणि ते त्या माणसाला शोभायचंही. दाढी, तो आवाज, मैदानात माईक बंद पडला तरी मागपर्यंत पोचणारं बोलणं. सभागृहात पेपरवेट भिरकावला म्हणून १९६४ मध्ये आमदारकी गेली आणि यवतमाळकरांनी पुन्हा त्यांनाच निवडून दिलं. आबांची पिढी ही गोष्ट अभिमानाने सांगायची.

पण पुढचं कोणी सांगत नाही. १९८० मध्ये ते नागपुरातून पुन्हा लोकसभेत गेले, ते इंदिरा काँग्रेसकडून. ज्या दिल्लीविरुद्ध पोरांनी लाठ्या खाल्ल्या होत्या, तिच्याच चिन्हावर. त्यानंतर ते पुन्हा खासदार झाले नाहीत. २००२ मध्ये विदर्भ जनता काँग्रेस काढली, तिने मूळ धरलं नाही. २०१७ मध्ये ते गेले तेव्हा श्रद्धांजली सगळ्यांनी वाहिली, पण विदर्भाची मागणी पुढे नेणारी एकही भक्कम संघटना मागे नव्हती. एवढी गर्दी, एवढं प्रेम, आणि हाती ना राज्य आलं ना पक्ष.

मला त्यांचा राग नाही. मला वाईट वाटतं ते त्या पोरांचं. त्यांना कोणी सभासद करून घेतलं नाही, हिशेब शिकवला नाही, वॉर्ड सोपवला नाही. ती फक्त घोषणा द्यायला होती.

आजही तेच पाहते. बच्चू कडू अचलपूरमधून २००४ पासून सलग चार वेळा निवडून आले आणि २०२४ ला पडले. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कर्जमाफीसाठी त्यांच्या हाकेवर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन नागपूरला आले आणि वर्धा रोड अडला. माणूस तोच. रस्ता अडवायला लोक येतात, मत द्यायच्या दिवशी हिशेब वेगळा निघतो. याचा विचार कोणी करत नाही.

---

बर्डीवाला

यवतमाळची_लेक, "सभासद करून घेतलं नाही" हे फार खरं बोललात.

---

उत्तर_नागपूर

आमच्या बाजूने थोडं सांगतो, कारण या विषयावर आम्ही जेवढं भोगलंय तेवढं फार कमी लोकांनी भोगलं असेल.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं की धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्ती देत असेल, पण राजकारणातली भक्ती, विभूतिपूजा, हा अधःपतनाचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास रस्ता आहे. आमच्या वस्तीत हे पोरासोरांना पाठ आहे. तरी त्यांच्या पश्चात काय झालं? रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला याच नागपुरात स्थापन झाला. बाबासाहेबांना तो सगळ्या वंचितांचा विरोधी पक्ष म्हणून हवा होता. काही वर्षांतच गट पडले, आणि प्रत्येक गटाला एकेका नेत्याचं नाव लागलं.

मी दलित चळवळीतले नेते जोगेंद्र कवाडे सरांचा लाँग मार्च निघताना दीक्षाभूमीवर होतो, लहान होतो, वडिलांच्या खांद्यावर. ११ नोव्हेंबर १९७९. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, म्हणून माणसं पायी औरंगाबादला निघाली होती. त्या दिवशी कवाडे सर म्हणाले असते चंद्रावर चला, तर लोक चंद्रावर निघाले असते. करिश्मा काय असतो ते मला कोणी सांगायची गरज नाही. तो खरा होता, कारण लोकांच्या छातीतलं दुःख तो बोलत होता. नामविस्तार व्हायला १९९४ उजाडलं, पण झाला.

आणि १९९८. गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता केला आणि महाराष्ट्रातून रिपब्लिकनांचे चार खासदार निवडून आले. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सु. गवई, चिमूरमधून कवाडे आणि मुंबईतून रामदास आठवले. चौघेही खुल्या जागांवरून. आमच्या वस्तीत त्या रात्री दिवाळी होती. वर्ष उलटलं नाही तर पुन्हा फूट. चार मोठी माणसं, प्रत्येकाला मानणारे लोक, आणि चौघांना एका छताखाली ठेवणारी यंत्रणा नाही. कार्यकर्त्याने "एक व्हा" म्हणून किती टाहो फोडला असेल, त्याला विचारतंय कोण.

म्हणून झिरोमाइल, तुमच्या मांडणीत मी एक भर घालतो. लोकांपासून तुटणं हा फक्त दिल्लीतल्या श्रेष्ठींचा रोग नाही. लोकांमधून वर आलेला नेताही तुटतो. त्याच्याभोवती चार माणसांचं कोंडाळं जमतं आणि त्यालाच तो जनता समजायला लागतो.

---

हैदराबादी_विदर्भकर

मूळ नागपूरचा, नोकरीमुळे हैदराबादेत. इथली गोष्ट तुमच्या विषयाला अगदी लागू पडते.

आंध्रात १९७८ ते १९८३ या एका विधानसभेच्या मुदतीत काँग्रेसने चार मुख्यमंत्री दिले. चेन्ना रेड्डी, अंजय्या, भवनम वेंकटराम, विजयभास्कर रेड्डी. आमदारांनी निवडायचं नाही, दिल्लीहून नाव यायचं. फेब्रुवारी १९८२ मध्ये बेगमपेट विमानतळावर मुख्यमंत्री अंजय्यांनी ढोलताशे लावून राजीव गांधींचं स्वागत केलं, त्यावरून राजीव गांधी सगळ्यांदेखत त्यांच्यावर चिडले. लवकरच अंजय्यांचं पद गेलं. इथल्या म्हाताऱ्या माणसांना तो दिवस अजून आठवतो. त्यांना तो अंजय्यांचा अपमान वाटलाच नाही, आपला वाटला.

मार्चमध्ये एन. टी. रामाराव यांनी तेलुगू देसम काढला. मुद्दा एकच, तेलुगू माणसाचा आत्मगौरव. जुन्या व्हॅनचा रथ केला आणि गावोगाव फिरले, रस्त्याकडेला झोपले, तिथेच आंघोळ केली. जानेवारी १९८३ ला २९४ पैकी दोनशेहून जास्त जागा. पक्ष जेमतेम नऊ महिन्यांचा. पडद्यावरचा कृष्ण म्हणून लोकांनी मतं दिली, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ते तेलुगू लोकांना कमी लेखणं वाटतं. सिनेमातले देव बरेच होते. लोकांच्या अपमानाला तोंड देणारा तो एकटा निघाला.

पण पुढचंही ऐका. त्याच रामारावांनी १९८९ मध्ये अख्खं मंत्रिमंडळ एका झटक्यात बरखास्त केलं, आणि त्या वर्षीची निवडणूक हरले. १९९४ ला पुन्हा प्रचंड बहुमताने आले. १९९५ मध्ये त्यांचेच जावई चंद्राबाबू आमदार घेऊन गेले. म्हणजे दिल्लीच्या लहरीविरुद्ध उभा राहिलेला माणूस स्वतःच्या पक्षात तसाच लहरी झाला. उत्तर_नागपूर म्हणतात ते कोंडाळं इथेही होतं. फरक एवढाच की तेलुगू देसमला गावपातळीवर कार्यकर्ते होते, म्हणून रामारावांनंतरही पक्ष टिकला. जांबुवंतरावांचा टिकला नाही.

---

जुना_कार्यकर्ता

पक्ष सांगत नाही. पंचवीस-तीस वर्षं सतरंज्या उचलल्या, एवढं पुरे. वरचं सगळं वाचलं. आतून कसं दिसतं ते लिहितो.

आधी तिकीट कसं ठरायचं? वॉर्डाची बैठक व्हायची, भांडणं व्हायची, खुर्च्या फेकल्या जायच्या, आणि शेवटी दोन नावं शहर कार्यालयात जायची. त्यातलं एक यायचं. हरलेला चिडायचा, आठ दिवस घरी बसायचा, मग प्रचाराला निघायचा, कारण त्याचं म्हणणं चार लोकांसमोर ऐकलं गेलेलं असायचं. आता काय होते? सर्वे. कोण करतो, कोणाला विचारतो, कोणालाच माहीत नाही. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, कोणाच्या हाती पडणार याचा पत्ता नसतो. मुंबईहून निरीक्षक येतात, हॉटेलात उतरतात, प्रत्येकाला पाच मिनिटं देतात. मी गेलो होतो एकदा. माझ्या प्रभागाचं नाव मला दोनदा सांगावं लागलं. बाहेर आलो तेव्हा मला राग नव्हता आला. रडू आलं होतं.

आणि सगळ्यात मोठा घात कोणता झाला ते कोणी लिहिलं नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. तीन वर्षांहून जास्त काळ या शहरात एकही नगरसेवक नव्हता. गडर तुंबली, नळ आला नाही, टॅक्सची नोटीस चुकीची आली, तर जायचं कोणाकडे? झोनच्या अधिकाऱ्याकडे. तो कोणाला ओळखतो? या काळात लोकांना एकतर आमदार-खासदार दिसले नाहीतर टीव्हीवरचे नेते दिसले. मधला माणूस गायब. नगरसेवक हाच पक्षाचा कान होता. तो कान कापला आणि मग म्हणतात, जनतेची नाडी कळत नाही.

माझ्यासारखे लोक नेत्याला धरतात ते याच्यासाठी. पक्षात आपलं कोणी ऐकत नसेल, तर निदान एक माणूस तरी नावाने हाक मारतो. तुम्ही त्याला भक्ती म्हणा. आमच्यासाठी तो शेवटचा धागा आहे.

---

नंदनवन

जुना_कार्यकर्ता, तुमचं लिहिणं आतपर्यंत गेलं. माझा संघटनेचा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात. फक्त एक सांगते: हे एकाच पक्षात होतंय असं नाही. ३० जून २०२२ आठवा. फडणवीस संध्याकाळी पत्रकारांसमोर म्हणाले की मी सरकारबाहेर राहणार, आणि काही तासांत दिल्लीचा आदेश येऊन उपमुख्यमंत्री झाले. पाच वर्षं मुख्यमंत्री राहिलेला माणूस. त्याच ऑगस्टमध्ये गडकरी भाजपच्या संसदीय मंडळातून बाहेर. शहराने ज्यांना डोक्यावर घेतलं त्या दोघांबद्दल एका उन्हाळ्यात-पावसाळ्यात हे निर्णय झाले आणि कारण कोणी नागपूरकरांना सांगितलं नाही. फडणवीस २०२४ ला पुन्हा मुख्यमंत्री झाले हे वेगळं, पण पद्धत तीच.

---

तर्रीपोहा

नंदनवन ताई, हे मान्य. आमच्या गल्लीत त्या रात्री लोक फटाके घेऊन बसले होते, फोडाव का नाही तेच समजून नाही राहिलं होतं.

आणि एक. तान्ह्या पोळ्याले मारबत निघते, बडगे निघतात, म्हणजे पुतळ्यायची मिरवणूक, त्यात कोण्या पक्षाले लोक सोडत नाहीत. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, रस्त्यावरच्या खड्ड्यायचा बडग्या. ज्या नेत्याले जनता काय बोलून राहिली ते पाहायचं असन, त्यानं सर्वे करू नये. सकाळी इतवारीत येऊन उभं राहावं.

---

झिरोमाइल

पक्षांतर्गत निवडणुकीचा मुद्दा राहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेस अध्यक्षपदासाठी मतदान झालं तेव्हा शशी थरूर यांनी प्रचाराची सुरुवात नागपुरातून, दीक्षाभूमीवर येऊन केली होती. देशभर तरुणांत चर्चा त्यांची. निकाल: खर्गे ७,८९७, थरूर १,०७२. तेव्हा मला वाटलं होतं की पक्षाला लोकांचा माणूस नको, घरचा हवा.

---

उत्तर_नागपूर

इथे मी खर्गेंच्या बाजूने आहे. गुलबर्ग्यात कामगार संघटनांतून आलेला, १९७२ पासून निवडणुका जिंकत आलेला माणूस. तो "घरचा" आणि थरूर "लोकांचा", हे कोणी ठरवलं? इंग्रजी चॅनलने? आमच्या वस्तीत विचाराल तर थरूर माहीत नाहीत, खर्गे माहीत आहेत. लोकप्रियता कोणत्या लोकांमधली, हे आधी विचारलं पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. देशाचा अध्यक्ष मतदानाने निवडता, मग नागपूर शहराचा का नाही?

---

जुना_कार्यकर्ता

माझी मागणी तर अजून खालची आहे. वॉर्ड अध्यक्ष सभासदांनी मत देऊन निवडावा. कोण्या साहेबाच्या पत्राने नाही. त्याच्याकडे सभासदांची यादी असावी, फोन नंबरांसकट, आणि तिकिटाच्या वेळी त्या यादीतल्या लोकांना एकदा बोलावून विचारावं. कोणत्याही पक्षाने हे एका प्रभागात करून दाखवावं, मी अजूनही सतरंजी उचलायला तयार आहे.

---

यवतमाळची_लेक

आमच्या तालुक्यात दोन पोरींनी अशी यादी सुरू केली आहे, शेतकरी बायांची, पक्षाचं नाव न लावता. कोणाचं पीककर्ज अडलं, कोणाचा विमा आला नाही, वहीत तारखेसह लिहिलेलं. गेल्या महिन्यात एक आमदार साहेब स्वतः वही पाहायला आले. जुना_कार्यकर्ता, तुम्हाला वहीचा नमुना हवा असेल तर फोटो टाकते.